‘मुद्दामच करतो’ म्हणणाऱ्या समजुतीला खुले पत्र

प्रति,
‘तो मुद्दामच करतो’ ही समजूत,
मुक्काम शिक्षकांची खोली, लोखंडी कपाटाशेजारची खुर्ची,
फोंडाघाट, तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग
(आणि महाराष्ट्रातल्या इतर बहुतेक शाळा)

पत्राच्या सुरुवातीला स. न. वि. वि. लिहायची रीत आहे. तुला नमस्कार करावा असं मला वाटत नाही, म्हणून थेट विषयाला येतो.

जूनमध्ये शाळा उघडतात. समुद्रावरून आलेला पाऊस तोवर आमच्या बाजारपेठेत मुक्कामाला आलेला असतो. वाड्यावाड्यांवरून पोरं दप्तरं भिजू नयेत म्हणून पोटाशी धरून येतात. त्याच दिवसांत एका वर्गाचा ताबा एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जातो. हजेरीपत्रक दिलं जातं, प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा दिला जातो, आणि जाताजाता एक वाक्य दिलं जातं. ‘त्या खिडकीजवळच्या पोरावर लक्ष ठेवा हां. वांड आहे. मुद्दाम करतो सगळं.’ हे वाक्य कुठल्या रजिस्टरात नोंदलेलं नसतं, त्याखाली मुख्याध्यापकांची सही नसते. पण पुढचं अख्खं वर्ष तो वर्ग बाकीच्या कागदांपेक्षा त्या एका वाक्यावर चालतो. ते वाक्य म्हणजे तू. नव्या बाईंनी त्या मुलाचा चेहरा पाहण्याआधी तू त्याच्या बाकावर जाऊन बसलेली असतेस.

तुझ्या निदानाचा वेग पाहून जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तुझ्याकडे शिकायला यावं. त्यांना मूल तपासावं लागतं, आईला विचारावं लागतं, पुन्हा बोलवावं लागतं. तुला हजेरी पुरी होईपर्यंतही थांबावं लागत नाही. मुलगा बाकावरून उठला: मुद्दाम. शेजारच्याची वही फाडली: मुद्दाम. हाक मारल्यावर वळला नाही: मुद्दाम. त्याला एका कानाने कमी ऐकू येत असेल, रात्रभर घरात भांडण चाललं म्हणून त्याची झोप झाली नसेल, फळ्यावरची अक्षरं त्याला पुसट दिसत असतील, असल्या शक्यता तू डोक्यात शिरूच देत नाहीस.

मी कोणत्या मुलांबद्दल बोलतो आहे ते तुला चांगलं माहीत आहे. पाच मिनिटं एका जागी बसू न शकणारा. क्षुल्लक गोष्टीवरून भडकून बाक उलथवणारा आणि मग तासभर स्वतःच थरथरत राहणारा. सगळ्यांच्या पेन्सिली चोरणारा आणि त्या न वापरता दप्तराच्या तळाशी साठवणारा. शिक्षकांना उलट उत्तरं देणारा. कोपऱ्यात बसून नखं रक्त येईपर्यंत कुरतडणारी. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. चाळीस मुलांच्या वर्गात अशी जवळजवळ तीन मुलं आली. आजाराच्या व्याख्येत न बसणारी, पण दुःखाने किंवा भीतीने बिथरलेली मुलं त्यांच्याखेरीज वेगळी. तू ज्याला अपवाद ठरवून वर्गाबाहेर काढतेस, ते मूल दरवर्षी प्रत्येक वर्गात असतं. शिक्षकाने त्याला शिकवायची तयारी ठेवणं हा नोकरीचाच भाग आहे.

आता तुझं रोजचं काम कसं चालतं ते जरा सविस्तर लिहितो, कारण ते इतकं सवयीचं झालंय की कुणाच्या लक्षात येत नाही.

पाचवीचा वर्ग धरू. मराठीचा तास आहे, एकेक मूल उठून परिच्छेद वाचतंय. खिडकीजवळच्या मुलाला जोडाक्षरं येत नाहीत. दुसरीत आली नाहीत, तिसरीत कुणी विचारलं नाही, चौथीत तो शेजारच्याचं ऐकून पाठ म्हणायला शिकला. आता नव्या पाठावर त्याचं ते कसब चालत नाही. पाळी त्याच्यापासून तीन मुलांवर येते, मग दोन मुलांवर. त्याच्या पोटात गोळा उठतो. आणि तो पुढच्या मुलाच्या पाठीत पेन खुपसतो. ओरडाआरडा होतो. बाई म्हणतात, ‘ऊठ, बाहेर जा.’ तो बाहेर जातो, व्हरांड्यात उभा राहून पागोळ्या बघतो. त्याला वाचावं लागलं नाही. सगळ्या वर्गासमोर अडखळून हसू करून घ्यावं लागलं नाही. बाईंचा उरलेला तास शांततेत गेला. दोघांनाही जे हवं होतं ते मिळालं, म्हणून उद्या दोघंही हेच करणार. वर्षाअखेरीस त्या मुलाला जोडाक्षरं आलेली नसतात, आणि शाळेच्या मते त्याला वर्षभर पुरेशी शिक्षा झालेली असते.

यावर तू म्हणशील, म्हणजे त्याने मुद्दामच केलं ना! हो, केलं. मार चुकवण्यासाठी माणूस हात आडवा करतो तेही मुद्दामच करतो. प्रश्न एवढाच होता की तो कशापासून पळत होता. तू तो प्रश्न विचारू दिला नाहीस. ‘मुद्दाम’ म्हटलं की चौकशी संपते, हीच तुझी सगळी ताकद आहे.

मुलांच्या वागण्याचा अभ्यास करणारे लोक कित्येक दशकं एक साधी गोष्ट सांगत आले आहेत. वहीत तीन रकाने आखा. घटनेच्या आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. आठवडाभर भरा. आपल्या पाचवीतल्या मुलाच्या बाबतीत शुक्रवारपर्यंत दिसलं असतं की पेन खुपसणं वाचनाच्या तासाला होतं. गणिताच्या तासाला क्वचित, आणि मैदानावर कधीच नाही. तिथून पुढे प्रश्न जोडाक्षरांचा होतो, आणि जोडाक्षरं शिकवणं बाईंना येतं. डी.एड. त्याचसाठी केलं होतं. त्याला चारचौघांत न उठवता मधल्या सुट्टीत दहा मिनिटं जवळ बसवणं, उद्या कोणत्या चार ओळी वाचायच्या आहेत ते आज सांगून ठेवणं, एवढ्यावर त्या तासाचं चित्र बदलू शकतं. हे बाईंना येत होतं. तू मध्ये उभी होतीस म्हणून त्यांना ते दिसलं नाही.

तुझी एक बहीणही आहे, ‘घरचं वळणच तसं’. तू थकलीस की ती बोलायला लागते.

आमच्या भागात घर कसं असतं हे तिला तरी ठाऊक असायला हवं. कोकणातल्या कितीतरी मुलांचे आईवडील मुंबईला असतात आणि मूल आजी-आजोबांकडे वाढतं. आजीला गुडघे धरलेले, आजोबांना कमी दिसतं. ते जेवू घालतात, शाळेत पाठवतात, माया करतात. अभ्यास घेणं त्यांच्या आवाक्यातलं नसतं. कुठे बाप गावातच असतो आणि संध्याकाळी घरी येतो तेव्हा तो कसा येईल हे मूल त्याच्या पावलांच्या आवाजावरून ओळखायला शिकलेलं असतं. असं मूल वर्गातही प्रत्येक आवाजाला दचकतं आणि मागून कुणी हात लावला तर आधी फटका मारतं. अमेरिकेत १९९८ मध्ये फेलिटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी घरात मारहाण, व्यसन, आईचे हाल असं जितकं जास्त पाहिलेलं, तितके मोठेपणी मनाचे आणि शरीराचेही आजार जास्त, असं त्यात आढळलं. लहानपणीचा त्रास चाळिशीतल्या हृदयापर्यंत पोचत असेल, तर तो पाचवीच्या वर्गापर्यंत पोचणारच.

मग गणपती येतात. मुंबईहून आईबाबा येतात, घर पाच-सात दिवस भरून जातं. आरत्या, भजनं, मोदक, रात्री उशिरापर्यंत गप्पा. विसर्जन होतं, कणकवली स्टेशनवर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि गाडी निघून जाते. दोन दिवसांनी शाळा उघडते. त्या आठवड्यात हे मूल वर्गात कसं वागेल असं तुला वाटतं? ते रडत नाही, कारण आठवीतल्या मुलाने रडायचं नसतं. ते भांडतं. दप्तर फेकतं. सरांनी विचारलं तर ‘नाय करूचो’ म्हणतं. आणि तू शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप पुढे सरकवत म्हणतेस, ‘सुट्टीत लाडावलाय.’

घरचं वळण बिघडलंय म्हणून शाळेला काही करता येणार नाही, हा तुझा निष्कर्ष मला सर्वांत जास्त छळतो. घरात बोलायला कुणी नाही अशा मुलाला दिवसाचे पाच-सहा तास मोठ्या माणसांच्या सहवासात घालवता येतील अशी गावात दुसरी जागा कुठली आहे? घर जितकं दुबळं, तितकं शाळेचं काम वाढतं. तू नेमकं उलटं पढवलंस.

वर्गातल्या न बोलणाऱ्या मुलीबद्दल मात्र तू कधी तक्रार करत नाहीस. ती कुणाला मारत नाही, कागद फाडत नाही. वर्गात बोलतच नाही. प्रश्न विचारला तर ओठ घट्ट मिटून खाली बघते. जूनपासून दिवाळीपर्यंत तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. घरी ती बोलते, बहिणीशी हसते, शाळेच्या फाटकातून आत आली की घसा बंद होतो. तू तिच्या प्रगतिपुस्तकात ‘शांत व शहाणी’ असा शेरा मारतेस. गोंधळ घालणारा निदान बाहेर काढण्यापुरता तरी तुझ्या नजरेत येतो. हिच्या वाट्याला तेही नाही. तिचं दुःख कुणाच्या तासात व्यत्यय आणत नाही, म्हणून ते दुःखच नाही असा तुझा हिशोब आहे.

तू शिक्षकाच्या डोक्यात बसून काय करतेस, यावर जगात पुष्कळ काम झालं आहे. बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की समोरच्याच्या वागण्याचं कारण त्याच्या हातातलं आहे असं आपण धरलं की आपल्याला राग येतो आणि आपण शिक्षेकडे वळतो. ते त्याच्या हातात नाही असं वाटलं की कणव येते आणि आपण मदतीकडे वळतो. कृती तीच, मूल तेच. आणि १९६८ मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, ही यंदा चमकणार. नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्धिमापनातले गुण इतरांपेक्षा खरोखरच जास्त वाढलेले दिसले. त्या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला, पण शिक्षकाची अपेक्षा मुलापर्यंत पोचते यावर आता फारसं दुमत नाही. ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही त्याला प्रश्न कमी विचारले जातात, उत्तरासाठी कमी थांबलं जातं, त्याची वही घाईत तपासली जाते. जूनमध्ये जाताजाता दिलेलं ते एक वाक्य मार्चपर्यंत खरं होतं. मग तू म्हणतेस, ‘बघा, मी सांगितलं नव्हतं?’

कायद्याने तुला कधीच बाहेर काढलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १७ सांगतं की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि मानसिक छळही करता येणार नाही. करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होईल. कलम १६ सांगतं की आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. तरीही ‘दाखला घेऊन जा तुमच्या पोराचा’ हे वाक्य पालकांना आजही ऐकावं लागतं. कोंबडा करणं, अंगठे धरून ओणवं उभं करणं, उठाबशा, नावाऐवजी टोपणनावाने हाक मारून वर्गाला हसवणं, हे सगळं त्या दोन ओळींत बसतं. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक शिक्षा झाल्याचं सांगितलं. एवढ्या मुलांना मारून काय सुधारलं, याचा एकही अहवाल तू आजवर दाखवलेला नाहीस.

पुढे २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजले. स्वमग्नता आली, विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, मानसिक आजार आला. पण अवधान टिकत नाही, हात-पाय थांबत नाहीत अशा अतिचंचल मुलाचं नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. सततच्या भीतीने किंवा रागाने ग्रासलेल्या मुलाचं तर कुठल्याच फॉर्मवर घर नाही. अमेरिकेने १९७५ च्या कायद्यात भावनिक अडचणीच्या मुलांसाठी जागा केली, आणि त्याच्या अंमलबजावणीत लगेच अट घातली की नुसती ‘समाजात नीट न वागणारी’ मुलं त्यात धरायची नाहीत. तिथेही मसुदा लिहिणाऱ्याच्या खांद्यावर तू बसली होतीस. प्रमाणपत्र मिळत नाही त्या मुलाला सवलत नाही, आणि सवलत नाही त्याला तू ‘वांड’ हे प्रमाणपत्र फुकट देतेस.

‘आम्ही मार खाऊनच घडलो’ हे तुझं आवडतं वाक्य. मार खाऊन घडलेले तुला भेटतात, कारण ते आज शिक्षक आहेत, कारकून आहेत, गणपतीत गावी येऊन शाळेला पंखे भेट देतात. मार खाऊन आठवीतून गेलेले स्नेहसंमेलनाला येत नाहीत. २०२४ च्या दहावीत आमच्या कोकण विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला, राज्यात पहिला. त्या निकालाचा मला अभिमान आहे, शिक्षकांच्या कष्टांशिवाय तो लागत नाही. पण जे मूल दहावीच्या फॉर्मपर्यंत पोचलंच नाही ते या टक्केवारीत खालीही नसतं आणि वरही नसतं. ते हॉटेलात कपबश्या विसळत असतं किंवा ट्रकवर क्लीनर असतं. देवगडचा आंबा भरून घाट चढणाऱ्या गाड्यांत त्यातली काही पोरं बसलेली मी पाहिली आहेत.

तू नेहमी सांगतेस की हे सगळं प्रेमाचं, समजून घेण्याचं वगैरे परदेशी आहे, आपल्या मातीत चालत नाही. पालगड याच कोकणात आहे. तिथे जन्मलेले साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत होते. मुलांनी टाकून दिलेली अंथरुणं ते स्वतः आवरत, त्यांच्या खोल्या झाडत, आजारी मुलाजवळ बसून राहत. बेशिस्त मुलाला शिस्त लागायची ती गुरुजींना आपली खोली झाडताना पाहून. आपण त्यांचा फोटो प्रत्येक शाळेत लावला, २४ डिसेंबरला हार घातला, आणि त्यांची पद्धत मात्र भाबडी ठरवली.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तिथली आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. तेव्हाही तू हजर असशीलच: ‘यांना शिकायचंच नाही.’ ताराबाईंनी विचारलं, येत का नाहीत? गुरं राखायची असतात म्हणून. मग शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. मुलाला शाळेत बसवता येत नसेल तर शाळेने कुठे जाऊन बसावं, हा प्रश्न ज्यांनी विचारला त्या बाई मराठी होत्या आणि त्यांच्या हाताशी आजच्या शाळेइतकंही काही नव्हतं.

आणि घाट चढून वर गेलं की कोल्हापूर. तिथे लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. शिक्षा नाही, स्पर्धा नाही, मुलाच्या प्रश्नापासून शिक्षण सुरू. आमच्या स्टँडवरून कोल्हापूरच्या एसटीत बसलं की दुपारच्या आत पोचता येतं. इतक्या जवळून निघालेली वाट तुझ्यामुळे चाळीस वर्षांत घाट उतरून खाली आली नाही.

शिक्षकांबद्दल एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, कारण हे पत्र त्यांच्याविरुद्ध आहे असं सांगत तू गावभर फिरशील. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, पोषण आहाराचा हिशोब, मतदार याद्या, रोज मागवली जाणारी ऑनलाइन माहिती, आणि त्यात एक मूल बाक उलथवतंय. त्या क्षणी शिक्षक एकटा असतो आणि घाबरलेला असतो. ते मूल आपल्याच्याने सांभाळलं जाणार नाही असं त्याला आतून वाटत असतं, आणि तू नेमकी तेव्हा त्याच्या मदतीला धावतेस. ‘तुझी चूक नाही, तो मुद्दाम करतोय.’ त्या एका वाक्याने शिक्षकाला सुटल्यासारखं वाटतं. तुला लोक का जवळ करतात हे मला कळतं. पण त्या दिलाशाची किंमत मूल मोजतं, आणि काही वर्षांनी शिक्षकही मोजतो. ज्याला आपल्या हातून काही होणार नाही असं दरवर्षी पटवलं गेलं, तो नोकरी नुसती ओढतो.

शिवाय आमच्या जिल्ह्यात तर तुझं ‘वर्ग मोठे आहेत’ हे कारणही टिकत नाही. वाडीवाडीवरच्या शाळांत पट पंधरा, पट अकरा. अकरा मुलांतल्या एकाला बाहेर उभं केलं तर आत दहा उरतात. इतक्या लहान शाळेत शिक्षकाला प्रत्येक मुलाचं घर, आजी, गोठा, सगळं माहीत असतं. मोठ्या शहरातल्या महागड्या शाळा समुपदेशक नेमून जी ओळख विकत घेतात, ती इथे मास्तरांना येताजाता मिळते.

मदत कागदावर तरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक शाळेत येऊन मुलं तपासतं, आणि त्यांच्या यादीत दात आणि रक्तक्षय यांच्यासोबत ऐकणं, दिसणं, शिकण्यातल्या आणि वागण्यातल्या अडचणीही आहेत. पथक येतं त्या दिवशी खिडकीजवळच्या मुलाला पुढे करायचं असतं. तू त्याला त्या दिवशी मैदानावरचा कचरा उचलायला पाठवतेस, पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये प्रत्येक केंद्राला एक अशी ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मान्य केली. केंद्रात दहा-बारा शाळा असल्या तर एका शाळेच्या वाट्याला तो शिक्षक किती येणार, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं आणि ते आपण मागितलं पाहिजे. पण तो आला तरी ‘तुमचं पोरगं आलं हो’ म्हणत वर्गशिक्षकाने मूल त्याच्या स्वाधीन करून मोकळं व्हावं, हाही तुझाच सल्ला असतो. मूल वर्गाचं आहे. विशेष शिक्षक वर्गशिक्षकाला मदत करायला येतो.

शिकवता येतं, याचे पुरावे आहेत. १९८०च्या दशकात बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या वर्गांत एक खेळ खेळवला गेला. वर्गाचे गट पाडायचे, वागण्याचे चार साधे नियम आधी शिकवायचे, आणि ठरावीक वेळात नियम कमी मोडणाऱ्या सगळ्या गटांना शाबासकी द्यायची. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. ती मुलं वीस-एकवीस वर्षांची होईपर्यंत संशोधकांनी माग ठेवला. पहिलीत जे मुलगे सर्वांत आक्रमक होते, त्यांच्यातच पुढे व्यसनांचं प्रमाण ठळकपणे कमी दिसलं. सहा वर्षांच्या मुलाला थांबायला, आपल्या पाळीची वाट पाहायला, राग आल्यावर काय करायचं ते शिकवता येतं, जसे पाढे शिकवता येतात. पाढे चुकले म्हणून आता कुणी मुलाला जन्माचा गुन्हेगार म्हणत नाही.

पालकांमध्येही तू घुसली आहेस. ‘गुरुजी, घाला तेका चार फटके, आमचा काय एक म्हणणा नाय,’ असं आजोबा स्वतः येऊन सांगतात. त्यांना वाटतं आपण गुरुजींना मान दिला. घरी पोरगं ऐकत नाही तेव्हा कुणी देवळात कौल लावतं, गाऱ्हाणं घालतं. देवाला साकडं घालणाऱ्या आजीशी माझं भांडण नाही. तिला दुसरं कुणी वाटच दाखवली नाही. देवळातून येताना तिने नातवाचे कान आणि डोळे तपासून घ्यावेत, आणि शाळेने तिला बोलावलं तर ते फक्त तक्रार ऐकवायला असू नये, एवढंच माझं मागणं आहे. ज्या आजीला शाळेतून वर्षभर एकही बरा निरोप गेला नाही, ती सभेला येणं बंद करते. मग तू म्हणतेस, पालकांना काळजीच नाही.

तुला मी आणखी काही समजावणार नाही. उरलेलं पत्र बाईंसाठी आणि गुरुजींसाठी आहे.

बाई, गुरुजी, यंदा गणपतीची सुट्टी संपून शाळा उघडेल, तेव्हा ज्यांचे आईबाबा मुंबईला परत गेले त्या मुलांची नावं पहिल्याच दिवशी आठवून ठेवा. त्यांच्याशी अभ्यासाव्यतिरिक्त दोन शब्द बोला. जो सर्वांत जास्त छळतो त्याच्यासाठी तीन रकान्यांची वही एक आठवडा भरा आणि मग ठरवा. जी बोलत नाही तिला चारचौघांत उभी करू नका. पाटीवर लिहून, मैत्रिणीच्या कानात सांगून, तिला जमेल तसं उत्तर देऊ द्या. पुढच्या जूनमध्ये वर्ग दुसऱ्याच्या हाती देताना, प्रत्येक अवघड मुलाबद्दल त्याला काय जमतं आणि कशाने तो शांत होतो, हे लिहून द्या. आणि आपल्यालाच सहन होईनासं झालं, रात्री झोप लागेना, वर्गात जायची भीती वाटू लागली, तर तेही कुणाला तरी सांगा. मुलासाठी असो की स्वतःसाठी, टेली मानस या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि फोनला पैसे पडत नाहीत.

फोंडाघाटातला एक पालक